परमताचा निवारा

ज्याचे मत आपल्याला पटत नाही अशा माणसाला सहन करणे आणि त्याच्यासाठी काही करणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. पहिलीला आपण सहिष्णुता म्हणतो. पण दुसऱ्याविषयी पूर्ण उदासीन असलेल्या मनुष्यालाही ती साधते. दुसरीची कसोटी कोणती, हा प्रश्न गयेच्या उत्तरेकडील बराबर टेकड्यांवरची लेणी पाहताना मनात उभा राहतो.

अजिंठा-वेरूळच्या वैभवावर ज्याची दृष्टी पोसली आहे अशा मराठी प्रवाशाची येथे प्रथम निराशाच होते. आत मूर्ती नाही, चित्र नाही. आणि तरीही ही लेणी त्या दोहोंहून प्राचीन, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील आहेत. सुदामा लेण्याचे द्वार अगदी साधे. आत एक लांबट दालन व त्यापलीकडे घुमटाकार छताची वर्तुळाकार खोली. परंतु कठीण ग्रॅनाइटच्या या भिंती आरशासारख्या घोटलेल्या आहेत, आणि उच्चारलेला शब्द तेथे बराच वेळ घुमत राहतो.

द्वारापाशी ब्राह्मी लिपीतला छोटासा लेख आहे. राज्याभिषेकास १२ वर्षे झाली असता राजा प्रियदर्शीने ही गुहा आजीविकांना दिली, एवढेच तो सांगतो. प्रियदर्शी म्हणजे अशोक. तो बुद्धाचा उपासक. आजीविक हे मक्खली गोशालाचे अनुयायी. सर्व काही नियतीने ठरलेले आहे, मनुष्याच्या प्रयत्नाने त्यात तिळमात्र फरक पडत नाही, असे त्यांचे मत असल्याचे बौद्ध ग्रंथ सांगतात व त्यावर कठोर टीकाही करतात. जो राजा आपल्या लेखांतून पुन्हा पुन्हा पराक्रमाचा, उद्योगाचा उपदेश करतो, त्यानेच उद्योग व्यर्थ मानणाऱ्यांना निवारा द्यावा!

यावर कोणी म्हणेल की हे राजकारण होते. सर्व पंथांना राजी राखणे शासनकर्त्याला सोयीचेच असते. असेलही. हेतू दगडावर उमटत नाही. परंतु काम उमटते. केवळ राजी राखण्यासाठी ओबडधोबड गुहाही पुरली असती. पावसाळ्यात छप्पर मिळाले की संन्याशाचे भागते. येथे मात्र बाहेरून जाणाऱ्याला दिसणार नाही असा आतला पृष्ठभाग घोटण्यात अपार श्रम खर्ची पडले आहेत. घेणारा परमताचा आहे म्हणून हात आखडता घेतलेला नाही. मला वाटते, कसोटी ती हीच.

अशोकाच्या ७ व्या स्तंभलेखात धर्ममहामात्र नावाच्या अधिकाऱ्यांचा उल्लेख येतो. संघ, ब्राह्मण व निर्ग्रंथ यांच्याबरोबर आजीविकांचीही व्यवस्था त्यांच्याकडे होती. परप्रांतात शासनाचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यांची अडचण सहज कळावी. ज्यांची भाषा, श्रद्धा वा राजकीय मते आपल्याला रुचत नाहीत अशांचे कागद आपल्या मेजावर येतात. आपण ते नाकारीत नाही. नियमाने ते नाकारता येत नाहीत. पण तेवढ्याने कर्तव्य संपले असे मानणे म्हणजे गुहा खोदून भिंती खडबडीत ठेवणे होय.

अशा कामाचे फळ टिकते काय? अशोकाचा नातू दशरथ याने शेजारच्या नागार्जुनी टेकडीवरील ३ लेणी आजीविकांना दिली, तीही चंद्रसूर्य असेतोवर. आजीविक पंथ तर केव्हाच नाहीसा झाला. पुढे कोणीतरी यांपैकी काही लेखांतील ‘आजीविक’ हा शब्द छिन्नीने खोडण्याचाही प्रयत्न केला. मौखरी अनंतवर्म्याने लोमस ऋषी लेण्यात कृष्णाची मूर्ती बसविली. दात्याची इच्छा अशा रीतीने मोडली गेली. परंतु म्हणून दान खोटे ठरत नाही. पुढे कोण येऊन काय खोडील हे दात्याच्या हाती नव्हते, आपल्याही हाती नाही. भिंत किती घोटावी, एवढे मात्र होते; आणि ती भिंत आजही गुळगुळीत आहे.