सुंदरीच्या दुःखाचा हिशेब

आजचं वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. पाचव्या शतकात इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून भिक्षुसंघाला दिलं. ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने जगाला ठाऊक असलेलं चित्र त्याच लेण्यात आहे.

अभ्यासकांनी तिला ओळखलं ते नंदाची पत्नी सुंदरी म्हणून. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट घेऊन सेवक घरी परतला आणि ती कोसळली. मान कलली आहे, पापण्या जड झाल्या आहेत, दासीने मागून सावरून धरलं आहे.

एकाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्याने का मोजावी? अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात शेवटी अर्हत होतो तो नंद. सुंदरीचा आक्रोश सर्गभर येतो खरा, पण कथा पुढे निघून जाते. चित्रकार गेला नाही. ज्यांनी घरदार सोडलं त्यांच्याच विहाराच्या भिंतीवर त्याने मागे राहिलेलीला बसवलं. हे धाडस मोठं आहे.

चित्रकार अमृता शेरगिल 1936च्या अखेरीस अजिंठ्याला आली आणि भारावून गेली. पॅरिसमध्ये शिकताना तिने सेझान आणि गोगँ पचवले होते. प्रकाशाचा क्षणिक खेळ टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्टांच्या पुढे जाऊन या दोघांनी चित्राला घट्ट रचना आणि सपाट, गडद रंग दिले. गोगँच्या ताहितीच्या स्त्रिया अशाच रंगांत स्तब्ध बसलेल्या असतात. अजिंठा पाहण्याआधीच, 1935 साली, अमृताने ‘तीन मुली’ रंगवलं होतं. लाल, हिरवी, केशरी वस्त्रं, झुकलेल्या नजरा, मागे जवळजवळ काहीच नाही. मुली कशाची वाट पाहतात ते चित्र सांगत नाही. कथाच काढून घेतल्यामुळे त्यांचं दुःख कुणा नंदाच्या मोक्षाची पायरी होऊ शकत नाही. ते त्यांचंच राहतं, आणि सुंदरीच्या चित्रकाराला जे हवं होतं तेही हेच असावं.

बुद्धाच्या शिकवणीत दुःख हे पहिलं आर्यसत्य. त्यात त्यागणाऱ्याचं वेगळं आणि त्यागलेलीचं वेगळं असा भेद नाही. म्हणून सुंदरीचं चित्र धर्माविरुद्धची तक्रार ठरत नाही. ते धर्माचंच अधिक प्रामाणिक कथन आहे.

‘तीन मुली’ला 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. ते चित्र आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.