चोराची सावली : वर्ग, नियम आणि परिसंख्या

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात होतो. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी आणि १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण. राजशेखर या नगराला मदनाचे क्रीडास्थान म्हणतो. वधू प्रदेशागणिक वेष आणि नृत्य बदलते, तिच्या अनुरोधाने काव्यपुरुषाची वाणीही बदलत जाते, आणि अखेर वैदर्भी रीती अवतरते. वामनाने याआधीच रीतींचा कोष्टकवजा विभाग केला होता : वैदर्भीत सर्व गुण, गौडीत ओज आणि कांती, पांचालीत माधुर्य आणि सौकुमार्य. अशा वर्गीकरणांबाबत एक नैतिक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. एका वर्गाला एखादा गुण नावानिशी बहाल केला, म्हणजे तो इतरांकडून काढून घेतला असे होते काय? भामहाने वैदर्भ-गौडीय हा भेदच गतानुगतिकांचा म्हणून झिडकारला, त्यामागे काहीशी अशीच शंका असावी.

हा प्रश्न काव्यशास्त्राइतकाच स्पष्टपणे एका खेळात उभा राहिलेला दिसतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण पंच होऊन कल्पित जग वर्णितो, बाकीचे एकेक पात्र धारण करून आपण काय करतो ते सांगतात, आणि नियम व फासे यांच्या आधारे पंच परिणाम ठरवतो. आरंभी प्रत्येकाने आपल्या पात्राचा वर्ग निवडायचा असतो. मूळ वर्ग तीन होते : योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने त्यांत चोराची भर घातली आणि कुलूप उघडणे, निःशब्द चालणे, सावलीत लपणे या त्याच्या कौशल्यांचे शेकडेवारीने कोष्टक दिले. पहिल्या पायरीवरील चोराला सावलीत लपण्याची शक्यता शेकडा १० होती.

येथे अन्वयार्थाचा पेच सुरू झाला. तोवर योद्धाही खांबाआड लपत असे. जमले की नाही ते पंच प्रसंग पाहून ठरवी. आता चोराच्या नावे आकडा आला. मग योद्ध्याला लपताच येत नाही असे समजावे काय? तसे न समजावे, तर पंचाच्या मर्जीवर लपणारा योद्धा शेकडा १० च्या चोरापेक्षा सरस ठरण्याची वेळ येते. ज्याने जड चिलखत आणि शस्त्रबळ सोडून चोराचा वर्ग पत्करला, त्याची ती फसवणूकच होय.

पूर्वमीमांसेला हा पेच अपरिचित नाही. अन्यथा अप्राप्त असलेली गोष्ट सांगतो तो विधी. आधीच प्राप्त असलेल्या गोष्टींपैकी काहींचा निर्देश करून उरलेल्यांची निवृत्ती करते ती परिसंख्या. पाच नखांच्या प्राण्यांपैकी अमुक पाच भक्ष्य होत, या वचनाचा रोख खाण्याच्या आज्ञेवर नसून इतर प्राणी वर्ज्य करण्यावर आहे. परंतु मीमांसकांनी परिसंख्येवर तीन दोष ठेवले : स्वार्थहानी, परार्थकल्पना आणि प्राप्तबाध. वचनाचा स्वतःचा अर्थ सुटतो, त्यावर परका अर्थ लादला जातो, आणि जे आधीच हाती होते ते हिरावले जाते. म्हणून अन्य गती असेल तर परिसंख्या मानू नये. चोराचे कोष्टक परिसंख्या म्हणून वाचणाऱ्या पंचाकडून हे तिन्ही दोष घडतात.

स्टॅन्ली फिश यांनी १९८० च्या ‘इज देअर अ टेक्स्ट इन धिस क्लास?’ या ग्रंथात अर्थनिर्णय वाचकसमुदायाच्या संकेतांवर सोपवला. त्यांचे ऐकायचे तर टेबलाभोवतीच्या मंडळींचे एकमत झाले की प्रश्न मिटावा. पण एकमत न्याय्य असेलच असे नाही. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाने निषादपुत्र म्हणून एकलव्याला नाकारले, तेव्हा त्याच्या शिष्यवर्गातून कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही. पुढे एकलव्याने मातीच्या मूर्तीपुढे विद्या स्वतः मिळवली. तुझ्याहून श्रेष्ठ धनुर्धर होणार नाही, हे वचन द्रोणाने अर्जुनाला दिले होते. अर्जुनाने त्याचे स्मरण देताच गुरुदक्षिणा म्हणून उजवा अंगठा मागितला गेला. एका वर्गाला दिलेले वचन दुसऱ्याच्या अंगच्छेदाने पाळले गेले. परिसंख्येचा प्राप्तबाध येथे शब्दशः देहावर उतरला आहे.

तरीही अर्जुनाचे वचन पोकळ होते असे म्हणून सुटका नाही. वर्ग निवडणारा काही सोडून काही घेत असतो, आणि त्या सौद्याचा मान राखणे हे अर्थ लावणाऱ्याचे कर्तव्य आहे. प्रश्न आहे तो मान कशाने राखायचा याचा. चोराच्या बाबतीत उत्तर उपलब्ध होते : लपण्याचा साधा यत्न सर्वांना मोकळा, आणि जेथे इतरांचा यत्न फसतो तेथे चोराला त्याच्या शेकडेवारीची जास्तीची संधी. असे वाचल्यास कोष्टक पुन्हा विधी होते. पुढील आवृत्त्या याच दिशेने गेल्या. २००० च्या आवृत्तीत लपणे हे सर्वांना करता येण्याजोगे कौशल्य झाले. २०१४ च्या आवृत्तीत निवडलेल्या कौशल्यांतील प्रावीण्य दुप्पट करण्याची मुभा चोरवर्गाला मिळाली. म्हणजे वचन पाळले गेले ते भर घालून.

मराठी समीक्षेला यात स्वतःचा इतिहास ओळखता यावा. एका परंपरेच्या गुणांवरून घडवलेले निकष हे साहित्यत्वाची सीमाच म्हणून वाचले गेले, तेव्हा दलित साहित्याला आपले सौंदर्यशास्त्र वेगळे मांडावे लागले. शरणकुमार लिंबाळे यांचा त्या विषयावरील ग्रंथ १९९६ चा आहे. वैदर्भीची स्तुती ही वैदर्भीपुरती स्तुतीच असू शकते. तिचे निषेधात रूपांतर करतो तो वाचणारा, आणि त्या रूपांतराची जबाबदारी त्याला संहितेवर ढकलता येत नाही.