अवधान कुणाचे?

काही महिन्यांपूर्वी सायंकाळच्या मिस्सानंतर एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलाला एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, असल्याचे निदान डॉक्टरांनी केले होते. संगणकावर काही आठवडे खेळासारखे पाठ घेतले की मुलाचे लक्ष स्थिर होते, असे तिला कोणी सांगितले होते. रक्कम मात्र ऐपतीबाहेरची होती. तिने विचारले, "फादर, कर्ज काढून हे केले नाही, तर आई म्हणून मी कमी पडले असे होईल का?"

प्रश्न वैद्यकाचा दिसतो, पण तो नीतीचाही आहे. म्हणून उत्तर देण्यापूर्वी आम्ही ह्या विषयाचे थोडे वाचन केले.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील टॉर्केल क्लिंगबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अशा मुलांसाठी संगणकीय पाठांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचा रोख कार्यस्मृतीवर होता. 'पुस्तक उघडा, विसावे पान काढा, तिसरे गणित सोडवा' हे ऐकल्यावर काम होईपर्यंत ते मनात धरून ठेवणारी शक्ती म्हणजे कार्यस्मृती. पडद्यावर दिवे क्रमाने लागतात, मुलाने तो क्रम आठवून दाखवायचा. जमले की क्रम लांबतो, चुकले की आखूड होतो. पाच आठवड्यांत सुमारे २५ पाठ, असे ह्या अभ्यासक्रमाचे स्वरूप ठरले. २००५ च्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आशादायक होते. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ८ ते १२ वर्षांच्या अशा मुलांसाठी एका व्हिडिओ गेमला उपचाराचे साधन म्हणून परवानगी दिली. मात्र इतर उपचारांच्या जोडीनेच तो वापरायचा.

परंतु २०१३ साली मोनिका मेल्बी-लेर्वोग व चार्ल्स ह्यूम ह्यांनी कार्यस्मृतीच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा निराळे चित्र दिसले. ज्याचा सराव करावा त्यात सुधारणा होते, पण ती वाचन वा गणितापर्यंत पोहोचल्याचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याच वर्षी एडमंड सोनुगा-बार्क व इतर संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मूल प्रशिक्षण घेत आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्या पालकांसारख्या जवळच्या व्यक्तींना सुधारणा दिसली होती. ज्यांना ते बहुधा ठाऊक नव्हते, त्यांच्या नोंदींत ती टिकली नाही.

येथे आम्ही थबकलो. आईला दिसलेली सुधारणा मग खोटी म्हणायची का? ज्याची आपण मनापासून वाट पाहतो ते आपल्याला दिसू लागते. हा प्रेमाचा अपराध नव्हे. पण त्याच प्रेमाच्या आधारावर महागडी आशा विकणे हा अन्याय आहे. प्रेमाला सत्याची सोबत हवीच. तरीही मनात येते, एरवी ज्याच्या केवळ तक्रारी मोजल्या जात होत्या, त्या मुलातले चांगले शोधण्यासाठी त्या पाच आठवड्यांत कोणी रोज त्याच्याकडे पाहिले असेल. ही आमची कल्पना आहे, पुरावा नव्हे.

अवधान हा शब्द मराठीला नवा नाही. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे तेच मागितले. म्हणजे अवधान हे द्यावयाचे असते. फ्रेंच विदुषी सिमोन वेल हिने १९४२ साली फादर पेरँ ह्या डोमिनिकन धर्मगुरूंना शालेय अभ्यासावर एक निबंध पाठवला होता. शाळेतील अभ्यासाने अवधान घडते, प्रार्थनेचा गाभाही अवधानच असतो आणि दुःखिताला त्याचे दुःख विचारणे हेही अवधानाचेच काम, असा तिचा आशय होता. आम्ही मुलांच्या अवधानाची मोजदाद करतो. आमच्या अवधानाची कोण करणार?

ती माता पुन्हा आली तेव्हा आम्ही तिला सांगितले : ज्याचा भार मोठा आणि लाभ अनिश्चित, असा असाधारण उपाय करण्याचे बंधन कोणावर नसते, हा आपल्या नीतिशास्त्राचा जुना विवेक आहे. पोप बारावे पायस ह्यांनी १९५७ साली तो डॉक्टरांपुढे मांडला. त्याचा संदर्भ जीव वाचविण्याचा होता, तरी हा विवेक येथेही उपयोगी पडतो. ऐपत असेल आणि डॉक्टर म्हणत असतील तर हे पाठ जरूर घ्यावेत. पण त्यासाठी कर्ज न काढणारी आई कमी पडत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले उपचार मात्र सोडू नयेत.

हे सांगण्यात अर्धा तास गेला. मुलगा समोरच्या बाकावर बसला होता, आणि दोन्ही भेटींत आम्ही त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. ओशाळून आम्ही विचारले, "बाळा, वर्गात तुला नेमके काय होते रे?"

तो म्हणाला, "फादर, बाई दुसरे सांगतात तोवर पहिले निघून जाते."

बाईंनी त्याला एका वेळी एकच सूचना द्यावी, अशी विनंती शाळेत करायचे त्या सायंकाळी ठरले. एवढ्याने तो बरा होईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु हे सांगायला तो केव्हाचा तयार होता; ऐकायला आम्ही नव्हतो.