खालापूरच्या नाक्यावर लेवी

आजचं वाचन : लूक ५:२७-३२



परवा शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून कर्जतला घरी येत होतो. ऑफिसची कॅब, धो धो पाऊस, आणि घाट उतरून आल्यावर खालापूरच्या टोल नाक्यावर ही मोठी रांग. पुढच्या गाडीच्या फास्टॅगमध्ये पैसे नव्हते, त्यामुळे आमची लेन अडकलेली. वेळ मिळाला म्हणून मोबाईलवर दिवसाचं वाचन उघडलं, तर समोर लेवी. जकातीच्या नाक्यावर बसलेला! मला हसूच आलं.

हसू फार वेळ टिकलं नाही. त्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली होती. नीट टेस्ट न करता मी कोड पुढे ढकलला आणि क्लायंटच्या रिपोर्टमधले आकडे चुकले. मीटिंगमध्ये सगळ्यांनी धरून चाललं की चूक टीममधल्या नव्या मुलाची आहे. त्याला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. मी म्यूटवर होतो, आणि म्यूटवरच राहिलो.

आता लेवीकडे बघा. येशूने त्याला सभास्थानात गाठलं नाही. ड्युटीवर असताना, हिशेबाच्या टेबलावर गाठलं. त्या काळी जकातदारांना लोक लुबाडणारेच समजत. म्हणजे ज्या जागी त्याचं जगणं सर्वांत जास्त बिघडलेलं होतं, नेमक्या त्याच जागी प्रभू येऊन उभा राहिला. आपल्याला वाटतं, पाचारण येईल ते रिट्रीटमध्ये, उपासनेत, गाणं चालू असताना. तिथेही येतं. पण माझ्यासाठी ते त्या आठवड्यात म्यूटच्या बटणापाशी आलं होतं.

माझं मन लगेच म्हणालं, "आधी सोमवार येऊ दे. आधी अप्रेझल होऊ दे." लूकच्या ९व्या अध्यायाच्या शेवटी बघा, येशूच्या मागे यायला तयार असलेली माणसं हाच शब्द वापरतात : आधी. एकाला आधी बापाला पुरायचं आहे, दुसऱ्याला आधी घरच्यांचा निरोप घ्यायचा आहे. कारणं वाईट नाहीत, पण त्या "आधी"मध्ये हाक मागे पडते. लेवी मात्र सगळं सोडून उठला. पेत्राला पुढे पुन्हा मासे धरायला जाता आलं (योहान २१). लेवीची नाक्यावरची जागा मात्र एकदा सोडली की बहुधा गेलीच.

प्रवासात अशी हाक येणं आपल्या मराठी मंडळीला नवीन नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. किंमत लहान नव्हती. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. हे सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे, वाचलं नसेल तर जरूर वाचा. पुढे १९१७ मध्ये, मोठं नाव झालेलं असताना, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे एकदा उठून भागलं नाही, पुन्हा उठावं लागलं. लूक ९:२३ मध्ये येशू वधस्तंभ उचलण्याबद्दल बोलताना "दररोज" म्हणतो, तो शब्द उगाच नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना नोकरी सोडायची हाक आलेली नाही. मलाही नाही. मला फक्त एक फोन करायचा होता. चौक येईपर्यंत मी फोन हातात धरून बसलो होतो. मग मॅनेजरना लावला आणि काय झालं ते सांगितलं. ते नाराज झाले, आणि व्हायलाच हवे होते. अप्रेझलचं काय होईल माहीत नाही. सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली. तो फक्त "ठीक आहे, सर" म्हणाला. विश्वास परत यायला वेळ लागेल, तोवर मला थांबावं लागेल.

अजून एक. लेवीने उठल्यावर पहिलं काय केलं? घरी मेजवानी दिली आणि आपल्या जकातदार दोस्तांनाच येशूबरोबर जेवायला बसवलं. त्याने नाका सोडला, नाक्यावरची माणसं सोडली नाहीत. आपल्या टीमची, डब्यातल्या ग्रुपची, कर्जत लोकलमध्ये चौथ्या सीटवर सरकून जागा देणाऱ्यांची येशूशी ओळख आपल्या वागण्यातूनच व्हायची आहे.

आज स्वतःला विचारा : माझा नाका कोणता? आणि माझं "आधी" कोणतं?

प्रार्थना : प्रभू येशू, मी जिथे बसलोय तिथेच तू मला पाहतोस. माझी सबब तुला माहीत आहे. आज एका गोष्टीत तरी मला उठव, आणि उद्या पुन्हा उठव. आमेन.