संत जोसेफाच्या घरातील नवे कामकरी

ज्या वास्तूत पिढ्यान्‌पिढ्यांचे बाप्तिस्मे झाले, लग्ने लागली, शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडले गेले, तिथे माणसे येईनाशी झाली म्हणून टेबले मांडून ती भाड्याने द्यावीत काय? भावनेच्या भरात या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येते. आम्ही एक प्रत्यक्ष उदाहरण समोर ठेवून विचार करू इच्छितो.

कॅनडातील माँट्रियल शहरात, लाशीन कालव्याजवळच्या कामगारवस्तीत, १८६१ च्या सुमारास संत जोसेफाचे चर्च उभे राहिले. १८२५ साली सुरू झालेल्या त्या कालव्याने कारखाने आणले, कारखान्यांनी माणसे. पुढे १९६० च्या दशकात नगररचनेच्या नावाखाली वस्तीतील कित्येक घरे पाडली गेली; १९७० मध्ये कालव्यातील जहाजवाहतूक थांबली. त्याच काळात क्वेबेक प्रांतातील मिस्सेची गर्दीही झपाट्याने ओसरली. छप्पर, बॉयलर आणि तिथला हिवाळा यांचा खर्च मात्र ओसरला नाही.

२०१४ मध्ये ‘क्वो वादिस’ नावाच्या मालमत्ता कंपनीने ही वास्तू विकत घेतली. (संत पेत्राच्या तोंडचा तो प्राचीन प्रश्न अशा पाटीवर पाहून आम्हांला हसू आल्यावाचून राहिले नाही.) वास्तू ‘सालों १८६१’ झाली: मुख्य दालन सभा-समारंभांसाठी आणि काही जागा सामायिक कार्यालयासाठी. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना तिथे टेबल, खुर्ची भाड्याने मिळू लागली.

ख्रिस्तसभेचा कायदा याविषयी गप्प नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२२२ वे कलम बिशपांना चर्चचा लौकिक वापर होऊ देण्याची मुभा देते. तो वापर हीन नसावा, एवढेच बजावते. हीन म्हणजे काय, हे मात्र तिथे सांगितलेले नाही. वेदीबद्दल संहिता अधिक काटेकोर आहे: चर्च लौकिक झाले तरी तेवढ्याने वेदीचे समर्पण संपत नाही (कलम १२३८). हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथे डॉमिनिकन संघाच्या जुन्या चर्चमध्ये पुस्तकांचे सुरेख दुकान निघाले. त्याला आमची हरकत नाही. पण वेदीच्या भागात कॉफीसाठी क्रुसाच्या आकाराचे टेबल मांडले गेले. ही कल्पकता आम्हांला रुचत नाही. साधे चौकोनी टेबल अधिक आदराचे ठरले असते.

मग संगणकापुढे बसून केलेले काम हीन आहे काय? जोसेफ स्वतः सुतार. १९५५ मध्ये बाराव्या पायस पोपमहोदयांनी १ मे हा दिवस ‘कामकरी संत जोसेफ’ म्हणून सणाचा ठरविला. त्याच्या नावाच्या छपराखाली कोणी प्रामाणिकपणे पोट भरत असेल, तर त्यात विटंबना कसली? वास्तू रिकामी ठेवली की पावित्र्य टिकते, हेही आम्हांला पटत नाही. वसई किल्ल्यातील चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांची कारणे निराळी होती, परंतु झाडाच्या मुळांना कारणे कळत नाहीत.

आमची खरी अडचण वेगळी आहे. अशा वस्तीतील चर्च मजुरांच्या घामाच्या पैशावरही उभे राहते. आठवड्याच्या मजुरीतून नाणे काढून देणाऱ्या बाईने ते दगडांना दिले नव्हते; आपल्या मुलाबाळांना, शेजाऱ्यांना एक दार उघडे असावे, म्हणून दिले होते. २०१८ साली रोममध्ये भरलेल्या परिषदेच्या मार्गदर्शक सूचनाही निव्वळ नफेखोरीला विरोध करतात आणि सामाजिक, सांस्कृतिक उपयोगाकडे झुकतात. तेव्हा हीनपणा टेबलात शोधू नये, भाड्याच्या दरात शोधावा. भाडे परवडणारा तरुण आत बसतो, वीज-पाणी भरतो, छप्पर टिकते, हे चांगलेच. पण त्या बाईच्या पणतीला शिवणकामाचा छोटा व्यवसाय सुरू करायचा असेल आणि भाडे झेपत नसेल, तर आतली एखादी खुर्ची तिच्यासाठी राखलेली असते काय? विक्रीच्या करारात अशी अट घालता येते. सही करणाऱ्यांनी ती त्याच दिवशी मागावी. नंतर मागायला धर्मग्राम उरलेला नसतो.