बाटली कोणी वाचली?

31 जानेवारी 2021, पल्स पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत बारा लेकरांच्या तोंडात डोस म्हणून सॅनिटायझरचे थेंब पडले. लेकरं ओकायला लागली, यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाली. सगळी वाचली, हे नशीब. पण तालुक्यातल्या आयांची झोप उडाली.

इथून पुढची गोष्ट रचलेली आहे. त्यात कोणी ओळखीचं वाटलं तर इलाज नाही.

शेजारच्या गावात एकाची मुलगी दीड महिन्याची. घटसर्पही अडवणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीची सुई टोचली त्या रात्री तिला ताप चढला, मांडी सुजली. पानठेल्यावर सल्ला मिळाला, "सरकारवर केस टाक, लाखानं भरपाई भेटते." पठ्ठ्या घाटंजीला म्हाताऱ्या वकिलाकडे गेला.

"कार्ड आणलं काय?"

"घरी असन."

"बॅच नंबर?"

"मले काय माहीत!"

"ताप आला ते आशाताईले सांगितलं होतं?"

"नाही."

"आता पोरगी कशी हाय?"

"खेळून राह्यली."

"मंग भरपाई कायची मागतं?"

ताप आणि सूज लसीनं येऊ शकते, साधारण दोन दिवसांत उतरते, हे वकिलानं समजावलं. बापाला ते पटलं नाही. "मंग कापसीवाल्यायले तरी भेटन ना?"

"त्यायची गोष्ट वेगळी. तिथं लसीचा दोष कुठून येईल? ती पाजलीच नव्हती. बाटली न वाचता उचलली. तो हलगर्जीपणा, त्याचा दावा लागते. पण टिकते कागदावर."

मग त्यानं औरंगाबादचं प्रकरण सांगितलं. 1963 साली सरकारी दवाखान्यात बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कापड राहिलं, बाई दगावली. नवऱ्यानं दावा लावला. सरकार जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं ते 1996 मध्ये. तेहतीस वर्षं! अमेरिकेत 1986 पासून कायदा आहे. कोणाची चूक सिद्ध न करताही लसीच्या दुष्परिणामाची भरपाई निधीतून मिळू शकते. आपल्याकडे तेव्हा तसा कायदा नव्हता, आणि सगळ्यांना फुकट मिळणाऱ्या सरकारी सेवेसाठी ग्राहक कायद्याचं दारही बंद. सरकारनं लस घ्या म्हणावं आणि एखाद्याचं खरंच वाईट झालं तर त्यानं कोर्टात म्हातारं व्हावं, हे मला बरं वाटत नाही. वकिलालाही वाटत नव्हतं.

"जाऊ द्या साहेब. पुढचा डोस देतच नाही मी."

म्हातारा उसळला. "घटसर्पानं पोरगी गेली तर दावा कोणावर लावशील? माझी फी ठेव खिशात. त्या पैशात कार्डाले प्लॅस्टिकचं कव्हर घे."

अडीच महिन्यांचा डोस होता त्या दिवशी बाप स्वतः अंगणवाडीत गेला. "बाई, बाटली दाखवता काय?"

"भरोसा नाही काय माझ्यावर?" नर्सबाई फणकारल्या. पण बाटली त्यांनी पुढे धरली. त्यानं लसीचं नाव वाचलं, मुदत वाचली. लेबलवरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिकट असला की लस उष्णतेनं बिघडलेली नसते, हे त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. बॅच नंबर त्यानं कार्डाच्या मागं लिहून घेतला, आशाताईंचा मोबाइल नंबरही.

मागच्या बाया पुढे सरकल्या. "आमालेही दाखवा."

नर्सबाईंना त्या दिवशी घरी जायला तासभर उशीर झाला.