आवड, निवाडा आणि अभिजात अल्बम

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (1959) हा जॅझमधला सर्वश्रेष्ठ अल्बम आहे, असे एखादा श्रोता म्हणतो तेव्हा तो नेमके कशाविषयी बोलत असतो, स्वतःच्या मनाविषयी की त्या संगीताविषयी? तो केवळ मनाविषयी बोलत असेल, तर वादाला जागाच नाही. एकाला कारले आवडते, दुसऱ्याला आवडत नाही, तसेच हे. तो संगीताविषयी बोलत असेल, तर श्रेष्ठत्व हा लांबी-वजनासारखा गुण ठरतो, आणि तो मोजण्याचे साधन कोणापाशीच नाही. सौंदर्यशास्त्रात रुचीचा प्रश्न म्हणून जो ओळखला जातो तो हाच. जॅझ, रॉक, बाख, हिप-हॉप आणि रागसंगीत असे सगळे ऐकणाऱ्या श्रोत्यापुढे तो अधिक अवघड होऊन उभा राहतो, कारण एका प्रकारात लागू पडणारी कसोटी दुसऱ्या प्रकारात निरुपयोगी ठरू शकते.

या प्रश्नाच्या विचारासाठी अल्बम हे माध्यम विशेष सोयीचे आहे. मैफलीतले गाणे मैफलीबरोबर संपते. दोन श्रोत्यांनी दोन वेगळ्या रात्री ऐकलेला एकच राग ही एकच कलाकृती नसते. ध्वनिमुद्रणाने ही अडचण दूर केली. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. 1948 साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने 33⅓ फेऱ्यांची लाँगप्ले तबकडी आणली आणि ही मर्यादा वीस मिनिटांच्या आसपास गेली. ख्यालाच्या बढतीला त्यामुळे तबकडीवर अवकाश मिळाला, आणि संपूर्ण अल्बम ही एक सलग रचना म्हणून कल्पिता येऊ लागली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा 'कॉल ऑफ द व्हॅली' (1967) काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या क्रमाने मांडतो; अहिर भैरवाने त्याची सुरुवात होते आणि पहाडीने शेवट. असा अल्बम वर्षानुवर्षे जसाच्या तसा ऐकता येतो. त्यामुळे त्याबद्दलचे मत दुसऱ्याला तपासून पाहता येते, आणि खुद्द मत देणाऱ्यालाही दहा वर्षांनी ते पुन्हा पारखता येते.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने रुचीच्या निकषावरचा आपला निबंध 1757 मध्ये प्रसिद्ध केला. सौंदर्याचा उगम भावनेत आहे आणि भावना चूक किंवा बरोबर नसते, हे त्याला मान्य होते. तरीही एखाद्या सामान्य कवीला मिल्टनच्या बरोबरीला बसवणारा माणूस चुकतो, असेच सगळे मानतात, हे तो दाखवून देतो. ही विसंगती सोडवण्यासाठी त्याने निकषाचा शोध वस्तूत घेण्याऐवजी चांगल्या परीक्षकात घेतला. चांगल्या परीक्षकाची त्याने पाच लक्षणे सांगितली आहेत: शाबूत विवेक, सूक्ष्म संवेदनशीलता, सराव, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहापासून मुक्तता. अशा परीक्षकांचे काळाच्या ओघात एकमत होते, तोच रुचीचा निकष. मात्र त्यानेच दोन ठिकाणी मतभेदाला सूट दिली आहे: माणसामाणसांच्या प्रकृतीतला फरक, आणि त्यांच्या काळाचे व देशाचे संस्कार. विशीत आवडणारा कवी पन्नाशीत आवडेलच असे नाही, आणि त्यात कोणाचाही दोष नाही.

इमॅन्युएल कांटने 1790 मध्ये याच प्रश्नाला वेगळी दिशा दिली. सुखद आणि सुंदर यांत त्याने स्पष्ट भेद केला. एखादे पेय सुखद आहे असे म्हणताना 'मला' हा शब्द गृहीत असतो. सुंदर म्हणताना माणूस सर्वांच्या वतीने बोलतो आणि इतरांनीही सहमत व्हावे अशी अपेक्षा ठेवतो. ही अपेक्षा कोणत्याही नियमाने सिद्ध करता येत नाही, तरी ती निराधार नसते, कारण कल्पनाशक्ती आणि बुद्धी यांच्या ज्या मुक्त सुसंवादातून तो आनंद निर्माण होतो, त्या शक्ती सर्व माणसांत समान आहेत. अल्बमविषयी बोलताना श्रोते हा भेद रोज करतात. 'मला हे ऐकवत नाही' आणि 'हे संगीत कच्चे आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले मागे घ्यावे लागत नाही. दुसरे केल्यावर कारण द्यावे लागते.

हा अनुभव वैयक्तिक असूनही खासगी का नसतो, याचे सर्वांत सखोल विवेचन भारतीय रसविचारात आढळते. भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची, म्हणजे भाव एका व्यक्तीपासून सुटून सर्वांचा होण्याची, कल्पना अभिनवगुप्ताने दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात काश्मीरमध्ये पुढे नेली. ज्याच्या मनाचा आरसा काव्याच्या सततच्या परिशीलनाने स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असे त्याचे म्हणणे आहे. रसास्वादाच्या मार्गात येणारी सात विघ्ने तो सांगतो. त्यांपैकी एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे; दुसरे म्हणजे समोरचा भाव माझा किंवा अमक्याचा, या काळातला किंवा त्या स्थळातला, असा बांधून टाकणे. अल्बमच्या श्रोत्याला ही दोन विघ्ने हमखास भेटतात. कॉलेजच्या दिवसांत ऐकलेला अल्बम प्रिय असतो, त्यात त्या दिवसांचा वाटा किती आणि संगीताचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्याच्या मताला निवाड्याचे रूप येत नाही. स्मृतीचा आनंद खरा असतो, पण तो अल्बमचा गुण नव्हे.

परिशीलन म्हटले की पुढचा प्रश्न येतो, कशाचे परिशीलन? अमेरिकन तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन याने 1970 मधल्या एका प्रसिद्ध लेखात असे प्रतिपादन केले की कलाकृतीचे सौंदर्यगुण ती कोणत्या प्रकारातली म्हणून अनुभवली जाते यावर अवलंबून असतात, आणि काही प्रकार तिच्यासाठी योग्य असतात, काही चुकीचे. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेल्या टोनी आयोमीचे जड, संथ गिटारवादन हा त्याचा कणा होता. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्स या समीक्षकाने त्याला क्रीम या ब्लूज-रॉक गटाची निकृष्ट नक्कल ठरवले. ब्लूज-रॉक म्हणून ऐकले तर त्यात चपळाई नाही, हे खरेच. पण हेवी मेटल हा प्रकार आकाराला आल्यावर तेच जडपण त्या अल्बमचे बलस्थान म्हणून ऐकू येऊ लागले. ध्वनिमुद्रण तेच राहिले, बदलली ती ऐकण्याची चौकट. थिओडोर अडोर्नोसारख्या मोठ्या विचारवंताचेही असेच झाले. 1936 च्या निबंधात त्याने जॅझची स्वातंत्र्याची भाषा फसवी ठरवली. युरोपीय रचनासंगीताची मापे लावल्यामुळे जॅझमधल्या उपजचे स्वतंत्र मोल त्याला दिसले नाही.

योग्य चौकटीत ऐकणे म्हणजे काय, हे तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. 'काइंड ऑफ ब्लू'मधील 'सो व्हॉट' ही रचना 32 बारांची आहे. पहिले 16 बार डोरियन स्वरसप्तकात, पुढचे 8 तेच सप्तक अर्ध्या स्वराने चढवून, आणि शेवटचे 8 पुन्हा मूळ पट्टीत. झपाट्याने बदलणाऱ्या स्वरसंघातांची बीबॉप या जॅझशैलीतली धावपळ येथे थांबते आणि वादकाला एका स्वरावलीत दीर्घकाळ राहून विस्तार करावा लागतो. डोरियनची स्वररचना काफी थाटाशी जुळते, त्यामुळे रागसंगीताच्या श्रोत्याला येथे ओळखीचे काही सापडते; पण पकड, वर्ज्यावर्ज्य, समयाचे संकेत शोधत बसला तर तो चुकीच्या दारावर थाप मारील. रॅपर नासच्या 'इलमॅटिक'मध्ये (1994) गायकी शोधणेही तसेच व्यर्थ. तेथे ऐकायचे ते ओळीच्या आत विणलेली यमके, शब्दांचा ठेक्याशी चाललेला खेळ, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे नव्या रचनेत बसवण्याचे कौशल्य. अहमद जमालच्या पियानोवादनाचा तुकडा त्यातल्या एका गाण्याचा पाया आहे. ग्लेन गूल्डच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'मध्ये रचना बाखची ठरलेलीच आहे, तेव्हा तेथे पारखायचे ते तिचे अर्थनिर्णयन.

या साऱ्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय याने 1979 च्या 'ला दिस्तँक्स्यों' या ग्रंथात सर्वेक्षणाच्या आधारे दाखवले की बाखचे 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर' कोणाला आवडते आणि श्ट्राउसचे 'ब्लू डॅन्यूब' कोणाला, याचा शिक्षणाशी व सामाजिक वर्गाशी निकटचा संबंध असतो. सुसंस्कृत रुची हे वर्गभेद टिकवण्याचेही साधन आहे. याद्यांचा इतिहास या आक्षेपाला बळ देतो. 'रोलिंग स्टोन'च्या पाचशे श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत 2003 साली बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' पहिला होता. 2020 च्या नव्या यादीत तो 24 व्या क्रमांकावर गेला आणि मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (1971) सहाव्यावरून पहिला आला. मत देणारे बदलले की क्रम बदलतो. यातून क्रमवारीचा पोकळपणा सिद्ध होतो, गुणांचा नव्हे. 'व्हॉट्स गोइंग ऑन'मधली एका गाण्यातून दुसऱ्यात वाहत जाणारी रचना आणि गेच्या स्वतःच्याच आवाजाचे एकावर एक चढवलेले थर 2003 मध्येही तेथेच होते. रुची कशी घडते हे समाजशास्त्र सांगते. त्या रुचीला जे ऐकू आले ते खरोखर तेथे आहे की नाही, याचा निर्णय पुन्हा ऐकूनच होतो.

मग मताचे समर्थन म्हणजे काय? अर्नोल्ड आयझेनबर्ग (1949) आणि फ्रँक सिब्ली (1959) या तत्त्वज्ञांनी याचे पटणारे उत्तर दिले. समीक्षेतील कारण हे सिद्धतेचे प्रमाण नसते, ते लक्ष वेधण्याचे साधन असते. 'येथे बास काय करतो ते ऐका' असे सांगितल्यावर दुसऱ्याला ते ऐकू आले, तर कारण लागू पडले. मराठी सौंदर्यविचारातील दोन भूमिका येथे उपयोगी पडतात. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगून बोट ठेवण्याच्या जागा दाखवल्या. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (1974) सौंदर्याची संकल्पना लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मानली. म्हणूनच जीवनाशी घट्ट बांधलेला 'इलमॅटिक' आणि निव्वळ रचनेच्या आनंदाचा बाख या दोहोंना न्याय देताना एकच माप पुरत नाही.

समर्थन झाल्यावरही काही मतभेद उरतात, आणि ते उरणे रास्त आहे. गूल्डने 'गोल्डबर्ग' दोनदा मुद्रित केले, न्यूयॉर्कच्या एकाच स्टुडिओत. 1955 चे मुद्रण सुमारे 38 मिनिटांचे, वेगवान आणि झळाळते. 1981 चे सुमारे 51 मिनिटांचे, संथ, सर्व भागांना एका नाडीत ओवणारे. दोन्ही नीट ऐकलेले दोन जाणकार वेगळी निवड करतात तेव्हा कोणीही चुकत नाही; ह्यूमने प्रकृतिभेदाला दिलेली सूट येथे लागू होते. पहिल्याला उथळ किंवा दुसऱ्याला निर्जीव म्हणणारा मात्र चुकतो, कारण दोन्ही विशेषणे प्रत्यक्ष ऐकण्याच्या कसोटीवर टिकत नाहीत.

तेव्हा अल्बमविषयीचे मत वैयक्तिक असते ते उगमाने. त्याची योग्यता सार्वजनिक असते. जबाबदार मताच्या अटी चार: कलाकृती तिच्या योग्य प्रकारात ऐकलेली असावी; स्वतःच्या आठवणी आणि सामाजिक सवयी यांचा वाटा ओळखून बाजूला ठेवलेला असावा; दिलेले कारण दुसऱ्याला ऐकू येईल असे असावे; आणि प्रकृतिभेदाने उरणारी आवड निवाडा म्हणून इतरांवर लादू नये. या अटी पाळणारे मत बहुमताच्या विरोधात गेले तरी मोलाचे ठरते, कारण ते ऐकून दुसरा श्रोता त्या अल्बमकडे पुन्हा वळतो आणि आधी निसटलेले काही त्याच्या कानी पडते. श्रेष्ठ म्हणून गणलेल्या अल्बमला न आवडल्याची पावती देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो हक्क बजावण्याआधी पुरेसे ऐकण्याचे कर्तव्यही प्रत्येकाचेच आहे.